कावळ्यांच्या कोपऱ्याची पाटी

नोकरीत असताना मला कुणी फारसं विचारलं नाही, पण निवृत्त झाल्यापासून जो तो विचारतो, की तुम्ही चेन्नईत नेमकं करत काय होता? माझी नणंद नगरला सगळ्यांना सांगते, "आमची वहिनी जर्मनीचे रस्ते बांधायची." मी तिची चूक कधी दुरुस्त केली नाही. खरं सांगितलं असतं तर तिला ते जास्त खोटं वाटलं असतं.

खरं हे, की जर्मनीतल्या एका शहरातल्या रस्त्यांना त्यांची नावं कशी मिळाली, ते मी चेन्नईत बसून लिहीत होते. शहराचं नाव सांगता येत नाही. करारात तसं कलम होतं, आणि आपण निवृत्त झालो म्हणून कलमं निवृत्त होत नाहीत. मध्यम आकाराचं गाव, मधून नदी, नदीकाठी जुनी वस्ती. तिकडे अनेक शहरांत रस्त्याच्या नावाच्या मोठ्या पाटीखाली एक छोटी पाटी असते. हा रस्ता कुणाच्या किंवा कशाच्या नावाने आहे, ते त्यावर एक-दोन ओळींत लिहिलेलं असतं. या गावाने सगळ्याच रस्त्यांना अशा पाट्या लावायचं ठरवलं. तिथल्या दफ्तरखान्यातले जुने कागद स्कॅन होऊन आमच्याकडे यायचे, आणि ते वाचून आम्ही त्या दोन ओळी जर्मनमध्ये तयार करायच्या. थोडक्यात, बारशाला हजर नसताना बाळाचं नाव कुणी ठेवलं हे सांगायचं काम.

मी इथे आले ती नवऱ्याच्या मागोमाग. त्याला श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तो पहाटे कंपनीच्या बसने जायचा आणि मी घरात बसून पुण्यात शिकलेलं जर्मन विसरू लागले होते. मग यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं मिळाली. कुठला नट किती आवळावा, हे मी वर्षानुवर्षं लिहिलं. त्यानंतर पेरुंगुडीच्या एका ऑफिसात हे रस्त्यांचं काम आलं, आणि मला पहिल्यांदाच सकाळी उठून ऑफिसला जावंसं वाटू लागलं.

चेन्नईची एक रीत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. आल्या आल्या मी मंदैवेळीत एक गल्ली शोधत होते. इडलीच्या गाडीवाल्याने उजवीकडे हात केला, फुलवालीने डावीकडे, आणि रिक्षावाला म्हणाला, "उक्कारुंग," म्हणजे बसा. तिघांनाही ती गल्ली माहीत नव्हती, हे मला नंतर कळलं. पण कुणी काही विचारत आलं तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं कसं, अशी इथली भावना. आमच्या पुण्यात 'माहीत नाही' हेसुद्धा समोरच्याचा अपमान केल्यासारखं सांगतात. इथे ते सांगतच नाहीत.

जर्मनांचं वेगळंच. आमच्या कामात प्रत्येक नावापुढे, ही माहिती कुठून मिळाली, ते लिहावं लागे. नगरसभेचा ठराव असेल तर उत्तम. जुना नकाशा चालायचा. 'तोंडी परंपरा' हीसुद्धा चालायची, म्हणजे त्या भागातल्या जुन्या रहिवाशाने सांगितलेली गोष्ट. फक्त शेजारच्या रकान्यात ती सांगणाऱ्याचं नाव आणि गाव घालायचं. आणि यातलं काहीच नसेल तर 'उगम अज्ञात' असं सरळ लिहायचं. तिकडच्या दफ्तरखान्याच्या प्रमुख बाई, फ्राउ लिंडनर, पहिल्याच बैठकीत म्हणाल्या होत्या, "अज्ञात हेही उत्तर आहे. मला ते आवडतं." आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पटलं कुणालाच नव्हतं.

कामाची गंमत नावांमध्येच होती. एक गल्ली होती दोरखंड वळणाऱ्यांची. सगळं जुनं गाव वाकड्यातिकड्या बोळांचं, आणि ही एकच गल्ली सुतात ओढल्यासारखी सरळ. का? तर दोरखंड वळायला सुताचे पदर लांबवर ताणावे लागतात, मध्ये वळण आलं की धंदा बसला. दोर वळणारे कधीच गेले, पण त्यांनी सरळ ठेवलेली गल्ली अजून सरळ आहे. एका रस्त्याला एका सेनाधिकाऱ्याचं नाव होतं. पुढे त्याचे पराक्रम उजेडात आले आणि नाव बदलायची मागणी झाली. रहिवासी म्हणाले, आमची कार्डं, पत्रं, बिलं सगळं बदलावं लागेल. तेव्हा नगरसभेने त्याच आडनावाचा एक सज्जन डॉक्टर शोधून काढला आणि ठराव केला, की आजपासून हा रस्ता यांच्या नावाने. पाटी तीच, माणूस दुसरा. हे वाचून मी इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या मुली उठून उभ्या राहिल्या.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. एका गल्लीला तिथे राहणाऱ्या ज्यू लोकांवरून नाव पडलेलं होतं. ते नाव पुसलं, मग ती माणसं नेली. युद्धानंतर नाव परत लावलं. माणसं परत आणता आली नाहीत. त्या दोन ओळी मी दुसऱ्या कुणाला लिहू दिल्या नाहीत, आणि त्या लिहून झाल्यावर त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

गिऱ्हाईकंही एकेक होती. आता गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर त्या रस्त्यांवर राहणारे. एका गृहस्थाने फार महागाचं घर घेतलं होतं. आमच्या पाटीमुळे त्याला कळलं, की त्याच्या रस्त्याचं गोड वाटणारं नाव मुळात गावच्या उकिरड्याचं होतं. पाटी काढा, घराची किंमत पडेल, म्हणून तो फ्राउ लिंडनरांच्या मागे लागला. त्यांनी त्याला उत्तर पाठवलं, की वास गेला आहे, नाव राहिलं आहे, याउलट झालं असतं तर आम्ही जरूर विचार केला असता. तेव्हापासून त्या बाई मला आवडायला लागल्या.

आता अंबुजाबाई.

आमच्या गटात बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली तमिळ मुलं-मुली होती, भराभर टाइप करणारी. अंबुजाबाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'के. अंबुजा बाई', 'के' हे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, कारण तमिळ देशात आडनाव नसतं, इनिशियल असतं. त्या पूर्वी एका शाळेत जर्मन शिकवायच्या. नवरा एन्नोरकडे नोकरीला होता. तो अचानक गेला, शाळाही सुटली होती, घरी सासूबाई आणि कॉलेजातली मुलगी. म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर त्या संगणकासमोर येऊन बसल्या. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं होतं हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मी खडूस आहे, हे आमच्या ऑफिसात कुणीही सांगेल.

त्या माझ्याशी मराठी बोलायच्या. ती मराठी ऐकताना मला आधी पणजीची आठवण यायची आणि वाक्य संपता संपता तमिळ हेल लागायचा. 'सगळं'ला 'अस्की' म्हणायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, की पहिला दहीभाताचा घास त्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवायच्या आणि "का, का" अशी हाक मारायच्या. काचेच्या त्या भल्या थोरल्या इमारतीत एक कावळा त्यांच्या वेळेवर यायचा. सिक्युरिटीवाल्याने दोनदा तक्रार केली. मी म्हटलं, "अंबुजाबाई, आमच्याकडे कावळ्याला दहाव्याला आणि पितृपक्षात बोलावतात. तुम्ही तर त्याला खानावळच लावून दिलीत."

"रोज नाहीं घातलें, तर गरजेच्या वेळीं तो ओळख ठेवील कसा?" त्या म्हणाल्या. "तुमी वर्सांतून एकदां हाक मारितां आणि मग तो आला नाहीं म्हणून रडतां."

माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना म्हणून आम्ही उन्हात ताटकळलो होतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आमचे साहेब प्रभाकरन, हा मनाने चांगला पण आकड्यांना भिणारा माणूस. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कामाचं गोल चित्र असायचं: झालेलं हिरवं, राहिलेलं पिवळं, 'अज्ञात' लाल. तो लाल तुकडा त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. वरून कुणी आलं, की आधी त्याच्याकडेच बोट दाखवायचं. शेवटी एका सोमवारी ते म्हणाले, "मॅडम, इतकं अज्ञात बरं दिसत नाही. सगळ्यांना सांगा, जरा खोलात जाऊन बघा." मी सांगितलं, की फ्राउ लिंडनरांना अज्ञात आवडतं. ते म्हणाले, "त्यांना आवडतं हो, पण ते आपल्या पडद्यावर दिसतं."

गावाच्या जुन्या भागात एक लहानसा कोपरा होता, क्रेहेनविंकल. क्रेहे म्हणजे कावळा, विंकल म्हणजे कोपरा. नव्या वसाहतीत असं नाव असतं तर प्रश्नच नव्हता; तिथे अख्ख्या आळीलाच पक्ष्यांची नावं देतात, कोकीळ मार्ग, चिमणी मार्ग, तसा हा कावळा. पण हा एकटाच, नदीजवळ, जुन्या भिंतीला लागून. ठराव नाही, नकाशावर नुसतं नाव. हे प्रकरण अंबुजाबाईंच्या वाट्याला आलं, आणि त्यांनी लिहिलं: "पूर्वी या कोपऱ्यावर रहिवासी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ कावळ्यांसाठी अन्न ठेवीत." आधार: तोंडी परंपरा. सांगणाऱ्याचं नाव: कोरं.

इतकं नेटकं, कोरडं, दफ्तरी जर्मन, की कुणालाही शंका येऊ नये. गटाचं काम तपासणं माझ्याकडे होतं, पण मी प्रत्येक ओळ तपासत नव्हते, मधूनमधून उचलून बघायचे. ही ओळ माझ्या हाताला लागली नाही. पलीकडे फ्राउ लिंडनरांच्या सहायकाला वाटलं, असेल एखादी जुनी लोकसमजूत. पाटी तयार झाली आणि लागली. लागलेल्या पाट्यांचे फोटो आमच्याकडे यायचे, त्यांत हाही आला. प्रभाकरनांनी तो पडद्यावर लावला, कारण त्यात मागे फार सुंदर भिंत होती.

बरेच महिने गेले. मग एक दिवस फ्राउ लिंडनरांचा मेल आला. गावातल्या एका हौशी इतिहासप्रेमीने विचारलं होतं, की क्रेहेनविंकलची ही परंपरा आम्ही कधीच ऐकलेली नाही, ती कुणी सांगितली? त्यांनी रकाना पाहिला तर तो कोरा. "कृपया सांगणाऱ्याचं नाव कळवा," एवढंच लिहिलं होतं. पण करारात एक कलम होतं: मनाने माहिती घातल्याचं आढळलं, तर ती घालणाऱ्या माणसाला कामावरून काढावं लागेल. ते मला पाठ होतं, कारण त्याचं भाषांतर मीच केलं होतं.

मी अंबुजाबाईंना चहाच्या यंत्रापाशी नेलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कां सांगावें? कावळ्याचा कोन म्हटल्यावर आणि काय असणार?"

"अहो, ते जर्मनी आहे!"

"तेथें माणसें मरत नाहींत कीं काय?"

"अज्ञात लिहायचं होतं. ते लिहायला आपल्याला परवानगी आहे."

"मज अज्ञात नव्हतें," त्या म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं, की त्यांनी थाप मारलेली नव्हती. त्या इडलीच्या गाडीवाल्याने मारली होती तशी तर नाहीच. त्यांना खरंच माहीत होतं. फक्त जे माहीत होतं ते त्यांच्या मंदैवेळीतल्या घराच्या गच्चीचं होतं, जिथे त्या कावळ्यांना घास ठेवायच्या.

"मग नाव का नाही घातलंत सांगणाऱ्याचं?"

त्या चक्क लाजल्या. "आपणच आपलें नांव कसें लिहावें?"

प्रभाकरनांनी दार लावून घेतलं आणि आम्हाला दोघींना बसवलं. या माणसाला मी घाबरट समजत होते, पण त्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी असं सांगणार आहे, की सॉफ्टवेअरने दुसऱ्याच एका नोंदीतली ओळ इथे चिकटवली. तांत्रिक चूक. सॉफ्टवेअरला कुणी नोकरीवरून काढत नाही. अम्मा, तुम्ही फक्त गप्प बसा." मला वाटलं, सुटलो. घरी सासूबाई, मुलीचं शेवटचं वर्ष. गप्प बसण्यात काय जातं?

जर्मनीत सकाळ झाली, की आमच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ होते. कॉल लागला. पडद्यावर फ्राउ लिंडनर, पिकलेले आखूड केस, मागे कागदांच्या पेट्या. प्रभाकरन सुरू झाले, "आमच्या प्रणालीत एक तांत्रिक..."

"माफ करा," अंबुजाबाई जर्मनमध्ये म्हणाल्या. "यंत्राने नाही. ते वाक्य मी लिहिलं."

प्रभाकरनांनी डोळे मिटून घेतले.

फ्राउ लिंडनर पुढे झुकल्या. "तुम्हाला ही परंपरा कुणी सांगितली?"

"माझ्या आईने."

"तुमची आई आमच्या गावात राहत होती?"

"नाही. तंजावरजवळ. ती आमच्या कोपऱ्याबद्दल सांगायची."

"पण पाटी आमच्या कोपऱ्यावर आहे."

"होय," अंबुजाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मेलेली माणसं सगळीकडे सारखीच भुकेली असतात."

फ्राउ लिंडनर म्हणाल्या, की उत्तर स्पष्ट दिल्याबद्दल आभार, ही माहिती आधार नसलेली आहे, पाटी काढली जाईल, आणि त्यांना हे वर कळवावं लागेल. त्यांचा आवाज कठोर नव्हता. पण त्या नियमाच्या बाई होत्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

कॉल बंद झाल्यावर मला अंबुजाबाईंचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला गप्प बसायला काय झालं होतं? मुलीचा तरी विचार करायचा!"

"मुलीचाच केला," त्या म्हणाल्या. "यंत्राची चूक म्हटलें तर तें वाक्य कचरा झालें. आईची अस्की गोष्ट कचरा झाली. मी खोटें लिहिलें नाहीं, नलिनीबाई. चुकीच्या गांवास लिहिलें, इतकेंच. खोटारडी म्हणून घरीं जायचें नाहीं मज."

महिनाअखेर त्यांना घरी बसवलं. मी भांडले, अगदी वरपर्यंत गेले, दुसऱ्या कुठल्या कामावर तरी घ्या म्हणून. कलमापुढे कुणाचं चालेना. पडद्यावरच्या गोल चित्रात एक नोंद हिरव्यातून लाल झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. कठड्यावरचा कावळा मात्र पुढे कितीतरी दिवस जेवणाच्या वेळेला येऊन ओरडायचा. मी एकदा पोळीचा तुकडा ठेवून पाहिला. त्याने बघितलं आणि उडून गेला.

पाटी काढायचं काम तिकडच्या हिशोबाने चटकन व्हायला हवं होतं, पण होईना. मी दोन-तीनदा विचारलं, तर "होतंय" एवढंच उत्तर. मग एका दुपारी फ्राउ लिंडनरांनी मला एकटीला कॉल केला. प्रभाकरनांना घेऊ नका म्हणाल्या.

त्यांनी एक फोटो दाखवला. तीच भिंत, तीच आमची पाटी, आणि खाली भिंतीच्या पायथ्याला जो दगडी कट्टा आहे त्यावर एक बशी. बशीत पावाचे तुकडे आणि सोललेला उकडलेला बटाटा.

"पाटी काढायला माणूस पाठवला होता," त्या सांगू लागल्या. "तो हे पाहून परत आला. म्हणाला, तिथे कुणी काही ठेवलंय, मी हात लावू का? दुसऱ्यांदा पाठवला तर दोन बशा होत्या. मग मी स्वतः गेले."

कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारी बाई राहते. आदल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. येता-जाता पाटी वाचून तिला वाटलं, आपल्या गावात असं करत होते, मग आपण ते बंद का केलं? तिने नवऱ्याच्या नावाने पाव ठेवायला सुरुवात केली. तिचं बघून शेजारणीने आईसाठी. मग आणखी कुणी. फ्राउ लिंडनरांनी तिला खरं काय ते समजावून सांगितलं, की ही परंपरा इथली नव्हे, पाटी चुकून लागली. म्हातारी म्हणाली, "बरं. पण आता कावळे यायला लागलेत, त्यांना काय सांगू?"

"मी पाटी काढली," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "काढावीच लागली. पण त्या बाईंनी मला विचारलं, की याची काही योग्य रीत आहे का? काय ठेवावं, कधी ठेवावं? मला माहीत नाही. माझ्या दफ्तरात ते नाही. तुमच्या सहकारी बाईंना विचाराल?"

'मला माहीत नाही' हे किती मोकळेपणाने म्हणता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

अमावास्येच्या दिवशी सकाळी मी मंदैवेळीला गेले. आता गल्ली मला सापडते. अंबुजाबाई घरीच नर्सबाईंना जर्मन शिकवू लागल्या होत्या. जर्मनीतल्या दवाखान्यांत नोकरीला जाणाऱ्या मुली इथे पुष्कळ. दारात चपलांची रांग होती, पण बाई वर गच्चीवर होत्या. केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात, वर तूप आणि डाळ, कठड्यावर ठेवून त्या हाक मारत होत्या. कावळा आला, त्याने मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं, घास उचलला. मग आणखी दोन आले.

मी त्यांना फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून फोन डोळ्यांजवळ नेला आणि इतका वेळ पाहिला, की पडदा काळा झाला. मग पदराने डोळे पुसले. मीही पुसले, यात लपवायचं काही नाही.

"बटाटा सोलून घातला, तें बेस केलें," त्या म्हणाल्या. "भात नसेल तर पाव चालेल. पण आधीं कावळ्याचें, मग आपलें. जेवून उरलेलें घालूं नये. हें मात्र नीट सांगा त्यांस."

"आणि कावळा नाही आला तर?"

"हाक मारावी. शेजारी बघतात म्हणून लाजूं नये. रोज मारावी, म्हणजे ओळख राहते."

हे सगळं मी शब्दशः जर्मनमध्ये लिहून पाठवलं. नोकरीतल्या माझ्या शेवटच्या भाषांतरांपैकी ते एक.

निवृत्तीच्या आठवड्यात क्रेहेनविंकलची सुधारलेली नोंद तपासायला माझ्याकडेच आली. पहिली ओळ: "उगम अज्ञात." दुसरी ओळ: "सध्या येथील रहिवासी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ, स्वतः जेवण्यापूर्वी, कावळ्यांसाठी अन्न ठेवतात." आधार: तोंडी परंपरा. आणि सांगणाऱ्याच्या रकान्यात, फ्राउ लिंडनरांनी स्वतः भरलेलं: के. अंबुजा बाई, चेन्नई.

माझ्या हातून ही नोंद अडवली जाणार नव्हतीच. पण मंजूर करण्यापूर्वी मी अंबुजाबाईंना फोन करून वाचून दाखवली. मला वाटलं, त्या रडतील. त्या म्हणाल्या, "इनिशियल चुकलें."

"अहो, के बरोबर आहे. तुमच्या कार्डावर तेच होतं."

"तें वडिलांचें. वडील कधीं गच्चीवर गेले नाहींत. सांगितलें आईनें. तिचें घाला म्हणावें."

त्यांच्या आईचं नाव तुळजाबाई. मी फ्राउ लिंडनरांना कळवलं, की नावात एक दुरुस्ती आहे, आणि कारणही लिहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद परत आली, मी शेवटचं एकदा पाहिलं आणि मंजूर केली. टी. अंबुजा बाई, चेन्नई.